ध्रुवप्रकाशाआधीचा कौल

ऑक्टोबरचं ऊन रणरणत असताना मी महाडमधल्या एका आइस्क्रीमच्या गोदामासमोर उभी होते, आणि माझ्या अंगावर दोन थर्मल, एक स्वेटर, गुडघ्यापर्यंत येणारं फुगीर जाकीट, हातमोजे आणि माकडटोपी एवढा ऐवज होता. शेजारी आमचे हे, तशाच अवतारात. गोदामातले कामगार हातातले खोके खाली ठेवून आमच्याकडे बघत होते. त्यातल्या एकाने विचारलंच, "काका, पिच्चरचं शूटिंग हाय काय?"

"नाय रे," हे म्हणाले, "बायको मला उत्तर ध्रुवाला घेऊन चाललीय. त्याची रंगीत तालीम."

उत्तर ध्रुव नव्हे, नॉर्वेतलं ट्रॉम्सो. हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं, पण ध्रुव म्हटलं की समोरचा जास्त दचकतो, म्हणून ते ध्रुवच म्हणायचे. जानेवारीच्या शेवटी तिथे आभाळात हिरवे, जांभळे पडदे हलतात. मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे उभा जन्म फळ्यावर रंगीत खडूने ते पडदे काढण्यात गेला. दर वर्षी वर्गातली एखादी भोचक पोर विचारायची, "बाई, तुम्ही बघितलाय का ध्रुवप्रकाश?" आणि दर वर्षी मी तिला गप्प बसून आकृती काढायला सांगायचे. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता बघायचाच. आणि ह्यांच्याबरोबरच बघायचा.

ती दुसरी अट जास्त अवघड होती. ह्यांचं बाजारात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढून तांब्याची नवी तार गुंडाळायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मे महिन्यात शाळेला सुट्टी, तर नेमके तेव्हाच गावोगावचे पंप जळायचे. पावसाळ्यात सावित्री नदीच्या पाण्यावर डोळा ठेवून बसायचं. दिवाळीत पोलादपूरच्या वर, गावच्या शेतावर भातकापणी. शिमग्याला पालखी घरी येणार, तेव्हा हललात तर तुमची खैर नाही. असं करत करत लेकीचंही लग्न झालं, पण आम्ही दोघं मिळून महाबळेश्वरच्या पलीकडे गेलो नव्हतो, आणि महाबळेश्वर तर आमच्या गावातून मान वर केली की दिसतं. म्हणजे मला ध्रुवप्रकाश हवा होता हे खरं, पण त्याहून जास्त मला हा माणूस दुकानाच्या शटरबाहेर, माझ्या शेजारी उभा असलेला हवा होता. सहलीच्या कंपनीबरोबर एकटी जायला मला कुणी अडवलं नसतं. एकटीने जायचं असतं तर कधीच गेले असते.

लेक पुण्यात नोकरी करते. विमान, हॉटेल, व्हिसा हे सगळं तिने बसल्या जागी जमवलं. माझ्याकडे राहिली थंडी. तयारी न करता घराबाहेर पडणाऱ्या माणसांचा मला राग येतो. ट्रॉम्सोला उणे पंधरापर्यंत पारा उतरेल असं लेक म्हणाली, आणि आमच्या तालुक्यात तेवढी थंडी एकाच ठिकाणी मिळते, ती आइस्क्रीमच्या गोदामात. तिथली मोटार ह्यांनीच बांधून दिलेली, त्यामुळे मालकाला नाही म्हणता येईना.

आत गेलो. नाकातले केस ताठ झाले. मी आनंदाने हात-पाय हलवून पाहिले, जाकीट झकास होतं, बूट मात्र बदलायला हवे होते. हे वरच्या पंख्याकडे कान देऊन उभे. "बेअरिंग वाजतंय," म्हणाले. ध्रुवावर जाऊनही हा माणूस बेअरिंगच ऐकणार, असं मी म्हटलं. तेवढ्यात ते दार ढकलून बाहेरही गेले. मी इरेला पेटून आणखी थोडा वेळ थांबले. बाहेर आले तेव्हा चष्म्यावर वाफ धरलेली, आणि हे एका उपड्या क्रेटवर बसून पाणी पीत होते. माकडटोपी मांडीवर, कपाळावर घाम.

"काय हो, एवढ्यात हरलात?"

"आत कोंडल्यासारखं झालं. तू टिकलीस ना? झालं तर मग."

मी घरी येईपर्यंत स्कूटरवर मागून त्यांची टर उडवली.

तोवर त्यांनी चांगला उत्साह दाखवला होता. ध्रुवप्रकाश का होतो हे मी त्यांना जेवताना समजावलं, तर पोळीचा घास हातात धरून म्हणाले, "म्हणजे अख्खी पृथ्वी एक मोटार. सूर्याकडून करंट येतो आणि दोन्ही टोकांना ठिणग्या उडतात." आठवीच्या वर्गात एवढं लिहिलं असतं तर मी गुण दिले असते. माहितीपत्रकात एक गोरं जोडपं बर्फात, गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडून आभाळ बघत बसलेलं होतं. त्यावर म्हणाले, "गरम पाण्यात बसायला एवढं लांब? सवच्या ऊन पाण्याच्या कुंडात बसवतो तुला, येताना तुडीलला चहा पाजतो." तिथे त्या दिवसांत सूर्य जेमतेम डोकावतो आणि परत जातो, हे कळल्यावर त्यांना एकच काळजी पडली, की मग चारचा चहा किती वाजता प्यायचा.

गोदामानंतर मात्र गाडी रुळावरून घसरली. आधी वाल आडवे आले. भात निघाल्यावर गावच्या शेतात आम्ही वाल पेरतो आणि जानेवारीत शेंगा भरायला लागतात. "शेंगा भरल्यावर पोपटी लावायची सोडून कुठे जायचं?" मडक्यात शेंगा भाजण्यासाठी माणूस नॉर्वे सोडतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग दुकानावर कोण बसणार. मग गुडघा. मग म्हणे, तू लेकीला घेऊन जा, तिलाही जरा बदल होईल. प्रत्येक अडचणीवर मी तोडगा काढायचे आणि दुसऱ्या दिवशी ताटात नवी अडचण वाढलेली असायची. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

बरं, धड नाहीही म्हणायचे नाहीत. व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेलो, तर खिडकीपाशी मला पुढे केलं आणि स्वतः मागे उभे. "तूच बोल. तुला सवय हवी." परदेशात चालणारं कार्ड माझ्या नावावर काढायला लावलं. विमानतळावर सामान कुठे द्यायचं, फाटक कसं शोधायचं, ते मला मोबाइलवर दाखवायला लेकीला सांगितलं, आणि मी चुकले की पुन्हा दाखवायला लावलं. मला वाटलं, आळस. स्वतःला कष्ट नकोत म्हणून सगळं माझ्या गळ्यात. लेक एकदा फोनवर म्हणाली, "आई, बाबा मला सारखं काय विचारतात माहितीये? मला तिकडे यायचं झालं तर किती दिवसांत येता येईल." मी म्हटलं, त्यांचा बेत तुला पुढे करून सटकायचा आहे, तू त्यांना अजिबात दाद देऊ नकोस.

त्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवली आहे. ते काही मी विसरले नव्हते. तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांकडे गेलो होतो, त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, खुशाल जा, फक्त गोळ्या चुकवू नका. डॉक्टरांनी हो म्हटलं, तेव्हा माझ्या मते तो विषय संपला.

डिसेंबर लागला आणि एका सकाळी हे पोह्यांवर खोबरं घेता घेता म्हणाले, "देवीला एकदा विचारून घेऊ."

मी पोह्यांचा डाव जागच्या जागी ठेवला. आमच्या गावात कुणाला काही नको असेल आणि तसं तोंडावर म्हणायचं नसेल, तर तो देवीला विचारतो. नको असलेलं स्थळ, नको असलेली भागीदारी, नको असलेला बोअरवेल, सगळं देवीच्या माथ्यावर. मी भूगोलाची बाई. माझा देवीवर राग नाही, हात मीही जोडते, पण माझं विमान तिने का ठरवावं? तरीही गावाला निघाले. म्हटलं, पाणी कुठे मुरतंय ते तरी कळू दे.

गावात मोठ्या जाऊबाई असतात. त्यांना हा सगळा प्रकार पहिल्यापासून मजेचा वाटत होता. "हिरवा उजेड बगायला जायाचं? दिवाळीत पोरं रंगीत काडीपेटी ओढतात, तवा नाय दिसत तुला?" असं म्हणत त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि आमच्याबरोबर देवळात आल्या. मला म्हणाल्या, "तू घाबरू नको गो. देवी येकदम नाय म्हणत नाय. इचारणारा पाह्यजे."

देवळात गुरव आंघोळ करून वाट बघत होते. कौल लावायची आमच्याकडची रीत अशी: देवीच्या पाषाणावर, छातीच्या दोन्ही अंगांना, तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गुरवांनी कळ्या लावल्या, हात जोडले. "आई, ह्यो तुजा ल्योक बायकोला घेवन परमुलखाला जातोय. तितं आभाळात दिवे दिसतात म्हणं, ते बगायला. जाणं बरं आसंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे."

डावी पडली. टप् असा आवाजसुद्धा आला, असं मला वाटलं.

मी देवीकडे नाही, ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी श्वास सोडला. शाळा सुटल्यावर पोरांचे खांदे कसे खाली येतात, तसे त्यांचे खांदे खाली आले. मला इतका संताप आला की देऊळ नसतं तर मी तिथेच तोफ डागली असती. किती महिने मी स्वेटर आणि बूट गोळा करत होते, आणि या माणसाला एका कळीत सुटका मिळाली!

हे उठायला लागले. जाऊबाईंनी त्यांना हातानेच खाली बसवलं. "बसा वो भावजी. येका सवालानं काय व्हतं? का नको ते इचारा की."

आमच्या गावची हीच पद्धत, आणि त्या क्षणी मला ती फार आवडली. देवीचा नकार म्हणजे शेवट नाही, प्रश्न बदलायचा. गावच्या विहिरीच्या वेळी म्हणे, इथे नको तर तिथे खणू का, तिथे नको तर आंब्याखाली खणू का, असं विचारत सबंध सकाळ गेली होती. नापास झालेल्याला लगेच दुसरी प्रश्नपत्रिका देणारं दुसरं मंडळ मी तरी पाहिलेलं नाही.

"थंडीपायी नको म्हणतेस काय?" गुरवांनी विचारलं. थंडीपायी असेल तर उजवी. डावी पडली. म्हणजे थंडी नव्हे.

"वालापायी?" मी मधेच म्हटलं. गुरवांनी हसू दाबत गाऱ्हाणं घातलं. डावी.

दुकानापायी? डावी. विमानापायी? ती कळी जरा घुटमळली, पण शेवटी डावीच. जाऊबाई माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या. माझा राग जाऊन मला आता गंमत वाटायला लागली होती. दोन महिने ह्यांनी जेवढ्या सबबी सांगितल्या, त्या सगळ्या देवीने एकामागून एक खोडून काढल्या होत्या.

गुरव मांडी बदलून ह्यांच्याकडे वळले. त्यांना घरी म्हशी सोडायच्या होत्या. "आता म्या काय इचारू? तुजा सवाल तूच सांग बाबा. कळ्याबी दोनच ऱ्हायल्या."

मी त्यांना कोपराने ढोसलं. "विचारा ना. बूट चावतात म्हणून नको का, विचारा."

ते हसले नाहीत. देवीकडे बघत, दुकानात कधीच बोलत नाहीत अशा गावच्या बोलीत, हळू आवाजात म्हणाले, "आई, मला तितं काय झालं, तर ही येकटी घरापत्तुर येल काय?"

गुरवांनी शेवटच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि लावल्या. दोन्ही चिकटून राहिल्या.

मला खिडकीपाशी पुढे केलं ते का, माझ्या नावाचं कार्ड कशाला, लेकीला किती दिवसांत येता येईल ते कशासाठी, हे सगळं मला तेव्हा, त्या थंडगार फरशीवर बसून कळलं. मी त्यांना न्यायची तयारी करत होते आणि हे मला परत पाठवायची. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी विषय संपवला होता. ते मात्र एकटेच तो विषय घेऊन रोज माझ्यासमोर जेवायला बसत होते, आणि मी त्यांना वालावरून बोलत होते. मला त्यांची कीव नाही आली. मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की बोलताना तोंडातून ओरडाच निघाला.

"एकटी येईन? तुम्हाला तिथे टाकून? वाटलंच कसं तुम्हाला? घेऊन येईन. कसेही असलात तरी घेऊन येईन, इथे, या गावात!"

देवळात ते केवढ्यांदा घुमलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विमानात सामान तेवीस किलोच चालतं म्हणे."

मी हसले आणि हसता हसताच रडू फुटलं. देवीसमोर, गुरवांसमोर, नाक ओढत. "काय वंगाळ बोलता वो भावजी, देवीफुडं!" असं म्हणून जाऊबाईही पदराने डोळे पुसायला लागल्या. ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत त्यांनी माझा हात धरल्याचं मला तरी आठवत नाही. तांब्याच्या तारेने कापून कापून त्यांची बोटं खरखरीत झाली आहेत, ती मला तेव्हा जाणवली.

"अरे," गुरव म्हणाले.

आम्ही वळून बघितलं. दोन्ही कळ्या खाली पडल्या होत्या.

"कुठली आदी पडली?" जाऊबाईंनी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरवसुद्धा आमच्याकडेच बघत बसले होते. ते ओशाळून म्हणाले, "थांबा, मागं झाड हाय, आनखी कळ्या आनतो."

"नको," हे म्हणाले. "म्हशी सोडा तुमच्या. आम्ही दोघं परत आलो की नारळ ठेवतो."

परत येताना पोलादपूरच्या बाजारात थांबून त्यांनी स्वतःसाठी नव्या माकडटोपीची चौकशी केली, जुनी कानाला टोचते म्हणून. मग महाडच्या रस्त्याला लागलो. मी स्कूटरवर मागे बसले होते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. पुढे एक ट्रक गेला, धूळ खाली बसली, आणि मान जराशी वळवून त्यांनी विचारलं, "मला तिथे झोप लागली आणि आभाळात काही दिसलं, तर उठवशील ना?"

"उठवीन," मी म्हटलं.